विझ्डमला कोणते क्रियापद शोभते? औपचारिक इंग्रजीतील प्रयोजक क्रियापदे आणि भाववाचक नामे जुळवण्याची रीत

परदेशी विद्यापीठांसाठी लिहिलेली निवेदने, संस्थांचे वार्षिक अहवाल, सन्मानपत्रे आणि शाळांची ध्येयवाक्ये तपासताना मला तीन वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले, ‘वुई क्रिएट विझ्डम इन स्टुडन्ट्स’. दुसरे, ‘द कॅन्डिडेट्स वेअर इम्पार्टेड ट्रेनिंग’. तिसरे, ‘ही वॉज कन्फर्ड विथ द अवॉर्ड’. पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक दाखवता येत नाही, तरीही जाणता वाचक तिथे अडखळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात क्रियापदाची चौकटच, म्हणजे त्याचे कर्म आणि प्रिपोझिशन यांची ठरलेली मांडणी, मोडलेली आहे. तिन्हींचे मूळ मात्र एकच आहे. लिहिणारा आधी शब्दकोशातून एखादे वजनदार क्रियापद उचलतो आणि मग त्याच्यापुढे नाम ठेवतो. हा क्रम उलटा करायला हवा. नाम आधी ठरते, नामाच्या स्वभावावरून क्रियापदांचे कुळ ठरते, आणि नेमके क्रियापद सर्वांत शेवटी निवडायचे असते.

हे आपल्याला नवीन नाही, कारण मराठीतही आपण असेच करतो. आपण सवय लावतो, वचक बसवतो, भीती घालतो, मोह पाडतो, मूल्ये रुजवतो, राग आणतो, उमेद जागवतो. ‘सवय घालणे’, ‘वचक लावणे’ किंवा ‘राग रुजवणे’ असे कोणी म्हणाले तर कान लगेच हटकतो. इंग्रजीतही प्रत्येक भाववाचक नामाची क्रियापदे अशीच ठरलेली असतात. त्या भाषेत आपला कान तितका तयार नसतो, म्हणून त्याच्या जागी पुढील टप्पे वापरायचे.

टप्पा १ : मराठी वाक्य पूर्ण लिहून चार प्रश्न विचारणे

इंग्रजी वाक्याला हात घालण्यापूर्वी मनातला आशय मराठीत एका पूर्ण वाक्यात उतरवावा. उदाहरणार्थ, ‘आजीच्या सहवासाने माझ्यात शहाणपण आले.’ मग या वाक्याला चार प्रश्न विचारावेत. घडवणारे कोण किंवा काय आहे? घडले ते काय? ते कोणाच्या ठायी घडले? आणि ते कसे घडले : हळूहळू मुरले, एकदम उसळले, कोणी हाती सोपवले, की आत होते ते बाहेर काढले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बारकाईने द्यावे. वरच्या वाक्यात घडवणारी आजी नसून आजीचा सहवास आहे. काही इंग्रजी क्रियापदांना जाणती व्यक्ती किंवा बोलता ग्रंथ कर्ता म्हणून लागतो, तर काहींना परिस्थिती, कृती किंवा गुण. ‘इम्पार्ट’ (सोपवणे) याचा कर्ता सहसा स्वतःजवळ ज्ञान असलेला कोणीतरी असतो. ‘एन्जेन्डर’ (उपजवणे) याचा कर्ता बहुतेक वेळा एखादे धोरण, वागणूक किंवा परिस्थिती असते. म्हणून ‘अवर टीचर एन्जेन्डर्ड विझ्डम इन अस’ हे वाक्य अवघडलेले वाटते आणि ‘हर पेशन्स एन्जेन्डर्ड ट्रस्ट’ हे सहज वाटते.

मराठीत शहाणपण ‘येते’, राग ‘येतो’, धीर ‘येतो’. या रचनेत घडवणारा कोणी नसतोच. आपण इंग्रजीत जाताना मात्र एखादे प्रयोजक, म्हणजे ‘घडवून आणणे’ सांगणारे, क्रियापद शोधू लागतो, कारण औपचारिक लेखनात ते भारदस्त वाटते. मराठी वाक्यात ‘येणे’ हेच क्रियापद स्वाभाविक असेल, तर इंग्रजीतही आधी अकर्मक किंवा साधी रचना करून पाहावी : ‘विझ्डम केम टू हर लेट’, ‘आय गेन्ड विझ्डम फ्रॉम दोज इयर्स’, ‘एज ब्रिंग्ज विझ्डम’.

*तपासणी :* चारही प्रश्नांची उत्तरे एकेका शब्दात कागदावर लिहिता आली नाहीत, तर अडचण इंग्रजीची नसून विचार अजून अर्धवट आहे. पुढे जाऊ नये.

टप्पा २ : नामाचा स्वभाव ओळखणे

येथे दोन कामे आहेत. एक व्याकरणाचे, दुसरे अर्थाचे.

व्याकरणाचे काम लहान असले तरी त्यात ढिलाई चालत नाही. ‘विझ्डम’, ‘नॉलेज’, ‘करेज’, ‘पेशन्स’, ‘अॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ ही अगणनीय नामे आहेत. ‘विझ्डम्स’, ‘अॅडव्हाइसेस’ ही अनेकवचने नेहमीच्या लेखनात वापरू नयेत. सर्वसाधारण अर्थाने बोलताना नामापुढे ‘द’ येत नाही, म्हणून ‘एक्सपीरियन्स ब्रिंग्ज विझ्डम’ असे लिहावे, ‘द विझ्डम’ नव्हे. ते शहाणपण कोणाचे किंवा कोणते हे पुढे सांगितले की ‘द’ येते : ‘द विझ्डम ऑफ हर ग्रँडमदर’. विशेषण किंवा वर्णन जोडून एक विशिष्ट प्रकारचे शहाणपण सांगायचे असेल तर ‘अ’ही चालते, जसे ‘अ विझ्डम बियॉन्ड हर इयर्स’. मोजून सांगायचे असेल तर ‘अ पीस ऑफ विझ्डम’ किंवा ‘वर्ड्स ऑफ विझ्डम’ आहेतच.

आणखी एक खाच आहे. ‘द विझ्डम ऑफ’ याच्यापुढे एखादा निर्णय किंवा कृती आली की अर्थ बदलतो. ‘दे क्वेश्चन्ड द विझ्डम ऑफ क्लोजिंग द स्कूल’ या वाक्यात कोणाचे ज्ञान तपासलेले नाही; शाळा बंद करणे शहाणपणाचे होते का, अशी शंका घेतली आहे. ‘कन्व्हेन्शनल विझ्डम’ म्हणजे रूढ समजूत, आणि ती बहुधा पुढे खोडून काढण्यासाठीच मांडली जाते. आपल्या परंपरेतील शहाणपणाचा गौरव करताना हा शब्दप्रयोग वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मनात असते त्याच्या नेमका उलट सूर वाचकापर्यंत पोचतो.

अर्थाच्या कामासाठी मी नामांचे पाच गट करतो. पुढच्या टप्प्याचा सगळा भार या गटांवर आहे, म्हणून ते नीट लक्षात घ्यावेत.

पहिला गट एकाकडून दुसऱ्याला सोपवता येणाऱ्या गोष्टींचा : नॉलेज, विझ्डम, स्किल, इन्फर्मेशन. दुसरा अंगी मुरणाऱ्या वृत्तींचा : डिसिप्लिन, कॉन्फिडन्स, व्हॅल्यूज, रिस्पेक्ट, फिअर. तिसरा माणसांमाणसांत निर्माण होणाऱ्या वातावरणाचा : ट्रस्ट, गुडविल, रिझेन्टमेन्ट, हॉस्टिलिटी. चौथा दर्जा आणि अधिकारांचा : अथॉरिटी, स्टेटस, लेजिटिमसी, अॅडव्हान्टेज. पाचवा प्रतिक्रियांचा : सिम्पथी, लाफ्टर, अँगर, रिस्पॉन्स.

एखादे नाम दोन गटांत बसू शकते. ‘रिस्पेक्ट’ ही मुलाच्या अंगी बाणवायची वृत्ती असेल तर ती दुसऱ्या गटात जाते. एखाद्या माणसाच्या वागण्याने इतरांच्या मनात उमटलेला आदर मात्र तिसऱ्या गटाजवळचा असतो. अशा वेळी टप्पा १ मधील चौथे उत्तर, म्हणजे ‘कसे घडले’, हाती असले की निर्णय करता येतो.

टप्पा ३ : गटावरून क्रियापदांचे कुळ निवडणे

*पहिला गट, सोपवणे.* येथे मुख्य क्रियापद ‘इम्पार्ट’. देणाऱ्याजवळ जे आहे ते तो घेणाऱ्याला देतो. ‘इम्पार्ट नॉलेज’, ‘इम्पार्ट विझ्डम’, ‘इम्पार्ट अ स्किल’ हे सर्व प्रमाण आहे. ‘इम्पार्ट एज्युकेशन’ आणि ‘इम्पार्ट ट्रेनिंग’ हे भारतीय इंग्रजीत, विशेषतः सरकारी परिपत्रकांत, पूर्ण रुळलेले आहे. इतर देशांतील वाचकांसाठी लिहिताना तिथे ‘प्रोव्हाइड’ वापरावे. ‘इम्पार्ट’ किंचित उंच आवाजातले वाटले तर ‘पास ऑन’ किंवा ‘शेअर’ घ्यावे.

‘विझ्डम’चा एक विशेष येथेच सांगतो. ‘नॉलेज’ सोपवता येते हे इंग्रजी सहज मानते, पण ‘विझ्डम’ बहुधा माणसाने स्वतः मिळवायचे असते. म्हणून त्याच्याबरोबर ‘गेन’, ‘अॅक्वायर’, ‘सीक’ ही मिळवणाऱ्याच्या बाजूची क्रियापदे अधिक सहज बसतात, आणि घडवणाऱ्याच्या बाजूला ‘इम्पार्ट’, ‘ब्रिंग’, क्वचित ‘कन्फर’ एवढीच निर्धास्तपणे वापरण्यासारखी उरतात. ‘कन्फर’ मुख्यतः नकारात येते : ‘सफरिंग डझ नॉट नेसेसरिली कन्फर विझ्डम’. ‘क्रिएट’, ‘प्रोड्यूस’, ‘जनरेट’ यांपैकी एकही येथे घेऊ नये. आपले शब्दकोश या तिघांपुढे ‘निर्माण करणे’ असा एकच अर्थ देतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

*दुसरा गट, मुरवणे.* येथे ‘इन्स्टिल’ आणि ‘इन्कल्केट’ ही दोन क्रियापदे मराठी लेखक एकाऐवजी दुसरे वापरतात. त्यांच्यातला फरक ओळखावा. ‘इन्स्टिल’च्या लॅटिन मुळात थेंब आहे, थेंबाथेंबाने, नकळत आत उतरणे हा त्याचा भाव आजही टिकून आहे. ‘इन्कल्केट’च्या मुळात टाच आहे, टाचेने दाबून बसवणे, पुन्हा पुन्हा सांगून ठसवणे हा त्याचा भाव आहे. मराठीतील ‘रुजवणे’ पहिल्याच्या जवळ आणि ‘बिंबवणे’ दुसऱ्याच्या जवळ येते. आईच्या वागण्याकडे पाहून प्रामाणिकपणा आला असेल तर ‘इन्स्टिल’, शाळेने रोज परिपाठात म्हणवून घेतलेल्या मूल्यांसाठी ‘इन्कल्केट’. भीतीसारख्या नकोशा वृत्तीसाठीही ‘इन्स्टिल’ चालते : ‘इन्स्टिल फिअर’.

आणखी दोन शेजारी आहेत, ‘इम्ब्यू’ आणि ‘इन्फ्यूज’. रंगात भिजल्यासारखे सगळे व्यक्तिमत्त्व किंवा लेखन एखाद्या गुणाने व्यापले आहे असे सांगायचे असेल तेव्हाच ती घ्यावीत. त्यांची चौकट वेगळी आहे, ती पुढच्या टप्प्यात येते. स्वतःच्याच अंगी एखादा गुण बाणवायचा असेल तर मात्र ‘कल्टिव्हेट’ : ‘शी कल्टिव्हेटेड पेशन्स’.

*तिसरा गट, उपजणे.* ‘एन्जेन्डर’चे खरे घर हे आहे. विश्वास, निष्ठा, कटुता, वैर, वाद या सगळ्यांबरोबर ते शोभते. चांगले आणि वाईट दोन्ही त्याला चालते. ‘फॉस्टर’ म्हणजे आधीच असलेल्या अंकुराला पोसणे, म्हणून ते सहकार्य, नवकल्पना, विश्वास यांच्याबरोबर येते आणि काळ लागतो हे सुचवते. एका बैठकीने किंवा एका पत्राने काही ‘फॉस्टर’ होत नाही. ‘ब्रीड’ बहुधा नकोशा गोष्टींसाठी असते. तिरस्कार, संशय, आत्मसंतुष्टता यांच्याबरोबर ते पाहावे. ‘बिगेट’ आज मुख्यतः ‘व्हायलन्स बिगेट्स व्हायलन्स’ अशा एकाच नामाच्या दुहेरी रचनेत शोभते, एरवी जुनाट वाटते.

*चौथा गट, बहाल करणे.* ‘कन्फर’ आणि ‘बिस्टो’. पदवी, हक्क, दर्जा, कायदेशीर लाभ यांसाठी ‘कन्फर’. कृपा, भेट, प्रेम, सन्मान यांसाठी ‘बिस्टो’. दुसऱ्यात देणारा वरच्या जागी आणि घेणारा खालच्या जागी असल्याची छटा आहे. म्हणून सहकाऱ्याने दिलेल्या मदतीसाठी ‘बिस्टो’ लिहू नये.

*पाचवा गट, उमटवणे.* ‘इलिसिट’ म्हणजे प्रश्न, कृती किंवा युक्ती वापरून प्रतिसाद बाहेर काढणे. ‘इव्होक’ म्हणजे आठवण, प्रतिमा, भावना जागी करणे. ‘प्रोव्होक’ म्हणजे चेतवणे, आणि ते राग, निषेध, वाद यांच्याबरोबर जाते. ‘अराउज’ हे कुतूहल आणि संशय यांच्याबरोबर नीट बसते, मात्र तिथे भावनाच कर्म असावी. व्यक्ती कर्म झाली की वाक्य भलत्याच अर्थाकडे झुकते.

*सावधान :* ‘इव्होक’ आणि ‘इन्व्होक’ वेगळी आहेत. कायद्याचे कलम, देवता, पूर्वजांचे नाव यांना साद घालायची तर ‘इन्व्होक’. ‘इलिसिट’शी हुबेहूब उच्चाराचे एक विशेषण आहे, त्याचा अर्थ ‘बेकायदा’, आणि त्याचे स्पेलिंग ‘आय’ने सुरू होते, क्रियापदाचे ‘ई’ने.

गटांबाहेरची दोन क्रियापदे इतकी चुकतात की त्यांना स्वतंत्र जागा द्यावी लागते. ‘इन्ड्यूस’ हे झोप, उलटी, प्रसूती अशा शारीरिक अवस्था आणण्यासाठी, किंवा कोणाला काही करण्यास प्रवृत्त करण्यासाठी असते. ‘इन्ड्यूस विझ्डम’ लिहिले तर औषध देऊन शहाणपण आणल्यासारखे ऐकू येते. ‘प्रिसिपिटेट’ म्हणजे येऊ घातलेले संकट एकदम ओढवून आणणे. युद्ध, राजीनामा, आर्थिक पेच यांच्यासाठी ते राखून ठेवावे.

टप्पा ४ : चौकट बसवणे

योग्य क्रियापद निवडूनही सर्वांत जास्त वाक्ये येथे पडतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. प्रत्येक क्रियापदाबाबत एकच प्रश्न विचारायचा : याचे कर्म गुण आहे की माणूस?

‘इम्पार्ट’, ‘इन्स्टिल’, ‘इन्कल्केट’, ‘कन्फर’, ‘बिस्टो’ यांचे कर्म गुण किंवा वस्तू असते आणि माणूस प्रिपोझिशनच्या मागे येतो. ‘इम्पार्ट’नंतर ‘टू’, ‘इन्स्टिल’ आणि ‘इन्कल्केट’नंतर ‘इन’, ‘कन्फर’ आणि ‘बिस्टो’नंतर ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’. म्हणजे ‘शी इम्पार्टेड हर नॉलेज टू द अप्रेन्टिसेस’, ‘ही इन्स्टिल्ड डिसिप्लिन इन हिज सन्स’, ‘द युनिव्हर्सिटी कन्फर्ड अ डिग्री ऑन हर’. ‘इन्कल्केट’साठी माणसाला कर्म करून पुढे ‘विथ’ घेणारी रचनाही काही कोश नोंदवतात. औपचारिक लेखनात पहिलीच वापरावी.

‘इम्ब्यू’चे उलट आहे. त्याचे कर्म माणूस किंवा लेखन असते आणि गुण ‘विथ’च्या मागे येतो : ‘देअर मदर इम्ब्यूड देम विथ अ लव्ह ऑफ म्युझिक’. ‘इन्फ्यूज’ला दोन्ही चौकटी चालतात, फक्त प्रिपोझिशन बदलते, गुण कर्म असेल तर पुढे ‘इन्टू’, माणूस कर्म असेल तर ‘विथ’.

आता कर्मणी प्रयोगाकडे वळू. इंग्रजीत कर्मणी वाक्याचा कर्ता तोच होतो जो कर्तरी वाक्यात कर्म होता. ‘इम्पार्ट’चे कर्म प्रशिक्षण होते, उमेदवार नव्हते, म्हणून ‘द कॅन्डिडेट्स वेअर इम्पार्टेड ट्रेनिंग’ हे चूक आणि ‘ट्रेनिंग वॉज इम्पार्टेड टू द कॅन्डिडेट्स’ हे बरोबर. त्याच न्यायाने ‘ही वॉज कन्फर्ड विथ द अवॉर्ड’ चूक, ‘द अवॉर्ड वॉज कन्फर्ड ऑन हिम’ बरोबर. माणसालाच वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचे असेल तर क्रियापद बदलावे आणि ‘ही रिसीव्ड द अवॉर्ड’ किंवा ‘ही वॉज गिव्हन द अवॉर्ड’ असे लिहावे. ‘त्यांना पुरस्कार प्रदान करण्यात आला’ या मराठी वाक्यात माणूस आधी येतो. तीच मांडणी इंग्रजीत नेल्यामुळे ही चूक होते. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही ती रोज छापली जाते, त्यामुळे छापील आधार सापडला म्हणून ती बरोबर ठरवू नये.

‘रिझल्ट’ अकर्मक आहे, त्याला कर्मणी रूप नाही. ‘रिझल्टेड इन’च्या पुढे परिणाम येतो, ‘रिझल्टेड फ्रॉम’च्या पुढे कारण. ‘वॉज रिझल्टेड इन’ आणि प्रिपोझिशन गाळून लिहिलेले ‘रिझल्टेड डिसिप्लिन’ दोन्ही बाद. ‘कॉज’ आणि ‘मेक’ यांच्यातही एक भेद आहे. ‘कॉज्ड हिम टू रिझाइन’ यात ‘टू’ हवे, ‘मेड हिम रिझाइन’ यात नको.

*सावधान, दुहेरी ‘इन’ :* ‘ट्रस्ट’, ‘कॉन्फिडन्स’, ‘फेथ’ या नामांना स्वतःचाच एक ‘इन’ असतो, तो विश्वास कोणावर आहे ते सांगतो. ‘इन्स्टिल’चा ‘इन’ तो विश्वास कोणाच्या मनात आहे ते सांगतो. म्हणून ‘द ऑडिट एन्जेन्डर्ड ट्रस्ट इन द मेंबर्स’ या वाक्यातून सभासदांच्या मनात विश्वास बसला की सभासदांवर विश्वास बसला, हे कळत नाही. पतसंस्थेच्या अहवालात हा फरक किरकोळ नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘अमंग द मेंबर्स’ लिहावे. दोन्ही गोष्टी सांगायच्या असतील तर ‘एन्जेन्डर्ड अमंग द मेंबर्स अ ट्रस्ट इन द कमिटी’ अशी मांडणी करावी.

*तपासणी :* वाक्यातील क्रियापदाला ‘काय?’ विचारावे. ‘कन्फर्ड काय?’ याचे उत्तर माणूस आले तर चौकट चुकली. ‘इम्ब्यूड काय?’ याचे उत्तर गुण आले तरी चुकली.

टप्पा ५ : क्रियापदाचा रंग पाहणे

‘कॉज’चा कोशातला अर्थ तटस्थ आहे, पण वापर तसा नाही. ते मुख्यतः नुकसान, विलंब, त्रास, चिंता, आजार यांच्या सोबतीत आढळते. भाषावैज्ञानिक मायकेल स्टब्ज यांनी १९९५ साली मोठ्या भाषासंग्रहांतील, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या साठ्यांतील, उदाहरणे तपासून हे दाखवून दिले. ‘हर लेक्चर्स कॉज्ड कॉन्फिडन्स’ या वाक्यात व्याकरण शुद्ध आहे, तरी आत्मविश्वास हा एखादा दुष्परिणाम असल्यासारखा वाटतो. चांगल्या गोष्टींसाठी ‘इन्स्पायर’, ‘गिव्ह’, ‘ब्रिंग’, ‘इन्स्टिल’ आहेत. बदलासाठी ‘ब्रिंग अबाउट’ आहे, आणि अधिक औपचारिक हवे तर ‘इफेक्ट चेंज’. येथे ‘ई’ने सुरू होणारा ‘इफेक्ट’च हवा, कारण त्याचा अर्थ घडवून आणणे असा आहे, ‘ए’ने सुरू होणारा ‘अफेक्ट’ घेतला तर बदलावर परिणाम केला असे होईल.

‘ऑकेजन’ हे क्रियापद म्हणूनही चालते आणि ते फार औपचारिक आहे. विलंब किंवा गैरसोय याबद्दलच्या अधिकृत पत्रात ते ठीक आहे, व्यक्तिगत निवेदनात नाही.

टप्पा ६ : जोडीची खात्री करून घेणे

जोडी प्रत्यक्ष वापरात आहे का, हे पाहण्यासाठी भाषासंग्रह उपलब्ध आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस १० कोटी शब्दांचा आहे आणि त्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश इंग्रजी आहे. समकालीन अमेरिकी इंग्रजीचा कोका हा संग्रह १०० कोटींहून अधिक शब्दांचा आहे. दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. नोंदणी करावी लागते.

शोध घेताना क्रियापद टाकून नाम शोधू नये. ‘विझ्डम’ हे नाम टाकावे आणि त्याच्या डावीकडे कोणती क्रियापदे येतात ते पाहावे. हाही क्रम लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्याच कारणासाठी आहे : नाम आधी, क्रियापद नंतर. मिळालेल्या ओळींपैकी निदान दहा पूर्ण वाचाव्यात, नुसता आकडा पाहू नये. कर्ता व्यक्ती आहे की परिस्थिती, पुढे कोणती प्रिपोझिशन आहे, सूर चांगला आहे की वाईट, हे आकड्यात दिसत नाही. सर्वसाधारण शोधयंत्रात जोडी टाकून लाखो निकाल आले म्हणून तिला मान्यता देऊ नये. त्या लाखोंत आपल्यासारख्यांनीच केलेल्या चुकाही असतात.

जोडी संग्रहात अजिबात सापडली नाही, तर ती वगळावी. नवीन जोडी घडवण्याचा हक्क कवीला आहे, अर्जदाराने तो शिष्यवृत्तीच्या निवेदनात बजावू नये.

टप्पा ७ : वजन उतरवणे

हा टप्पा लोकांना नको असतो, आणि म्हणूनच मी त्याचा आग्रह धरतो. सगळे बरोबर जुळल्यावरही प्रत्येक औपचारिक क्रियापदाच्या जागी एकदा साधे क्रियापद ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे. ‘द फेल्युअर एन्जेन्डर्ड विझ्डम इन मी’ आणि ‘द फेल्युअर मेड मी वायझर’ यांत दुसरे वाक्य अधिक खरे वाटते, कारण त्यात भाववाचक नामाचे विशेषण झाले आणि अवघड क्रियापदाची गरजच उरली नाही. अनुभवाने शहाणे केले, असे आपण मराठीतही म्हणतोच. एका परिच्छेदात असे एकच औपचारिक क्रियापद ठेवावे, हा माझा स्वतःचा दंडक आहे. सन्मानपत्रात दोन चालतील.

स्पेलिंगही येथेच पाहून घ्यावे. ‘इन्स्टिल’मध्ये ब्रिटिश पद्धतीने शेवटी एक ‘एल’ आणि अमेरिकी पद्धतीने दोन. भूतकाळी रूपात मात्र दोन्हीकडे दोनच. ‘कन्फर’च्या भूतकाळी रूपात ‘आर’ दोनदा येतो.

सातही टप्पे एका उदाहरणावर

या लेखासाठी रचलेला हा कच्चा मजकूर पाहावा : ‘माय ग्रँडमदर क्रिएटेड मेनी विझ्डम्स इन मी. शी कॉज्ड कॉन्फिडन्स इन मी. द रूटीन ऑफ द हॉस्टेल रिझल्टेड डिसिप्लिन.’

पहिल्या वाक्यात घडवणारी आजी आहे आणि तिने स्वतःजवळचे काही सोपवले आहे, म्हणून कुळ ‘इम्पार्ट’चे. अनेकवचन जाते, ‘इन’च्या जागी ‘टू’ येते, आणि ते शहाणपण तिला कशातून मिळाले हे सांगितले की वाक्याला आधार मिळतो. दुसऱ्यात वृत्ती चांगली आहे, म्हणून ‘कॉज’ बाद. आत्मविश्वास कशाने आला असे विचारल्यावर लेखकाला आठवेल की आजीने घरखर्चाचा हिशेब त्याच्या हाती दिला होता; मग कर्ता तिची कृती होते आणि ‘गिव्ह’ पुरते. तिसऱ्यात रोजच्या शिस्तीने हळूहळू मुरलेली वृत्ती आहे, कर्ता परिस्थिती आहे, आणि ‘इन्स्टिल’ येथे नेमके बसते. तीन वाक्यांत औपचारिक क्रियापदे दोन झाली, म्हणून सातव्या टप्प्यावर पहिले उतरवून ‘पास ऑन’ केले.

तयार मजकूर असा : ‘माय ग्रँडमदर पास्ड ऑन टू मी द विझ्डम शी हॅड गेन्ड फ्रॉम फॉर्टी इयर्स ऑफ फार्मिंग. हर डिसिजन टू लेट मी कीप द हाउसहोल्ड अकाउंट्स गेव्ह मी कॉन्फिडन्स. द रूटीन ऑफ द हॉस्टेल लेटर इन्स्टिल्ड डिसिप्लिन इन मी.’